थ्रीडी चित्र शेवटी बघा: नगरपरिषदेच्या नव्या संकुलाचे आराखडे कसे तोलायचे

मराठवाड्यातली एक ‘ब’ वर्ग नगरपरिषद धरा. म्हणजे ४० हजार ते १ लाख लोकसंख्या. जुनी इमारत गळते, रेकॉर्ड रूमला वाळवी लागली आहे, नाटक आणायचे तर मंगल कार्यालय भाड्याने घ्यावे लागते. निधीची आशा दिसते आणि ठराव होतो: कार्यालय, सर्वसाधारण सभेचे सभागृह, ८०० खुर्च्यांचे नाट्यगृह, वाचनालय आणि पार्किंग असे एकत्र संकुल बांधायचे. आराखडे मागवले जातात. सादरीकरणाच्या दिवशी तीन बोर्ड उभे राहतात आणि सगळ्यांचे डोळे रंगीत चित्रांवर जातात.

त्या चित्रांत आभाळ निळे असते, हिरवळ लुसलुशीत असते, समोर चार चारचाकी उभ्या असतात आणि मोटारसायकल एकही नसते. धूळ नाही, केबल नाही, पाण्याचा टँकर नाही. आर्किटेक्ट फसवतो असे नाही. चित्राचे काम मोहवण्याचेच असते. निवडणाऱ्याचे काम मात्र चित्र पालथे घालून नकाशा आणि छेद वाचण्याचे आहे. नकाशा म्हणजे इमारत कमरेच्या उंचीवर आडवी कापून वरून पाहिल्यावर जे दिसते ते. छेद म्हणजे तीच इमारत केकसारखी उभी कापून बाजूने पाहिल्यावर दिसते ते. इमारतीची खरी हकिकत छेदात असते, आणि सादरीकरणात नेमका तोच सर्वात लहान छापलेला असतो.

समजावून सांगायला तीन आराखडे धरू. ‘अ’मध्ये मधोमध काचेचा मोठा घुमट आणि पश्चिमेच्या मुख्य रस्त्याकडे सबंध काचेची भिंत. ‘ब’मध्ये दोन चौकांभोवती दुमजली बांधणी, चारही बाजूंना ओसरी, नाट्यगृह वेगळे. ‘क’मध्ये सगळे एकाच चौकोनी चार मजली ठोकळ्यात. पुढचे आकडे हिशेब दाखवण्यापुरते धरले आहेत. रीत मात्र कुठेही लागू पडते.

आधी एकच माप

तुलना बिघडते ती बहुतेक वेळा इथेच. तिघांनी तीन वेगळ्या गोष्टींचा खर्च सांगितलेला असतो आणि आपण तो एका ओळीत लिहून मोकळे होतो.

बांधकाम क्षेत्र म्हणजे भिंती, जिने, लॉबी, शाफ्ट सगळे धरून. वापराचे क्षेत्र म्हणजे प्रत्यक्ष टेबल, खुर्ची, रांग, कपाट मावते ती जागा. ‘अ’चे बांधकाम क्षेत्र ६,००० चौरस मीटर आणि वापराचे ३,६०० असेल, तर उपयोगी वाटा ६० टक्के झाला. ‘ब’चे ५,६०० पैकी ३,७५०, म्हणजे ६७ टक्के. ‘क’चे ५,२०० पैकी ३,६४०, म्हणजे ७० टक्के. आता दर बघा. ‘अ’ने चौरस मीटरला ३२,००० रुपये सांगितले, ‘ब’ने ३४,००० आणि ‘क’ने ३३,०००. ऐकायला ‘अ’ स्वस्त. पण एकूण खर्च ‘अ’चा १९.२० कोटी, ‘ब’चा १९.०४ कोटी आणि ‘क’चा १७.१६ कोटी होतो. तो वापराच्या क्षेत्राने भागला, तर ‘अ’ला दर उपयोगी चौरस मीटरमागे सुमारे ५३,३०० रुपये पडतात, ‘ब’ला ५०,८०० आणि ‘क’ला ४७,१००. सर्वात कमी दर सांगणारा सर्वात महाग निघाला, कारण घुमटाखालची हवा कामाला येत नाही.

इथे एक सावधगिरी. ओसरीला ‘वाया गेलेली जागा’ म्हणून ‘ब’ला शिक्षा करू नका. मराठवाड्यात आठ महिने माणसे ओसरीतच थांबतात, फॉर्म भरतात, सह्या करतात. ओसरी किमान अडीच-तीन मीटर रुंद असेल आणि तिच्यात बाकडी दाखवली असतील, तर तिला प्रतीक्षालयाइतकेच उपयोगी धरायला हरकत नाही. दीड मीटरची असेल तर तो निव्वळ रस्ता.

नंतर अंदाजपत्रकात काय नाही ते शोधा. नेहमी सुटणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत: नाट्यगृहाचे ध्वनिकाम आणि पडदे, रंगमंचाची प्रकाशयोजना, वातानुकूलन, फर्निचर, विजेचा ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटर, अग्निशमनाची टाकी आणि पंप, कंपाउंड भिंत, आतले रस्ते, गटार, जुन्या इमारतीचे पाडकाम. तिघांनाही एकच कोरा तक्ता द्या, राज्य दरसूचीचे (सरकारने ठरवलेल्या बांधकाम दरांच्या यादीचे) एकच वर्ष सांगा आणि प्रत्येक ओळ भरायला लावा. ‘समाविष्ट नाही’ हे उत्तर चालेल, पण ते लिहून हवे. हे आधी केले नाही, तर ती रक्कम पुढे ‘वाढीव काम’ या नावाने येते आणि तेव्हा प्रश्न विचारायला उशीर झालेला असतो.

पेन्सिलीने एक फेरफटका

नकाशा टेबलावर पसरा आणि मार्च महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात घरपट्टी भरायला आलेल्या सत्तरीच्या आजींना पेन्सिलीच्या टोकाने चालवा. रिक्षा कुठे थांबते? तिथपासून खिडकीपर्यंत किती मीटर ऊन? पायऱ्या किती? जोते ९० सेंमी उंच असेल तर १:१२ उताराच्या रॅम्पला १०.८ मीटर लांबी लागते, शिवाय मध्ये आणि टोकांना सपाट थांबे. नकाशात चार मीटरचा रॅम्प काढला असेल तर तो शोभेचा आहे; व्हीलचेअर त्यावर चढणार नाही, उतरताना मात्र घसरेल. चाकाच्या खुर्चीला वळायला दीड मीटर व्यासाचे वर्तुळ लागते. दिव्यांगांसाठीच्या शौचालयात ते मावते का, हे नाण्याने मोजता येते: १:१०० नकाशावर हे वर्तुळ १५ मिमी व्यासाचे, म्हणजे एखाद्या लहान नाण्यापेक्षाही छोटे. तेही मावत नसेल तर पुढे बोलायला नको.

मग रांग. १०० माणसांची सरळ रांग जवळपास ६० मीटर होते. ती मुख्य दारातून बाहेर उन्हात जाते, की आत नागमोडी मावते? नागमोडी रांगेला माणशी सुमारे एक चौरस मीटर धरा. घरपट्टी, पाणीपट्टी आणि जन्म-मृत्यू दाखला या तीन खिडक्या तळमजल्यावर, दारातून दिसतील अशा हव्यात. बांधकाम परवानगी, लेखा, आस्थापना वर चालतील. ‘क’सारख्या चार मजली ठोकळ्यात ही गफलत हमखास होते: तळमजला पार्किंग आणि लॉबीत जातो, जनतेच्या खिडक्या पहिल्या मजल्यावर चढतात आणि लिफ्टवर भिस्त ठेवली जाते. भारनियमनाच्या दिवशी ती लिफ्ट कुठे अडकेल हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

नगराध्यक्ष आणि मुख्याधिकाऱ्यांची दालने मोठी असावीत, त्याला कोणाची ना नाही. मात्र जनतेच्या खिडक्यांसमोरची जागा आणि दालनांची जागा यांचे गुणोत्तर काढून बघा. तिन्ही आराखड्यांत ते इतके वेगळे निघते की आर्किटेक्टने इमारत कोणासाठी काढली ते कळते.

पार्किंगच्या बाबतीत चारचाकीचे आकडे ऐकून फसू नका. एका कारला २.५ बाय ५ मीटरची खाच आणि वळायची जागा धरून २५ ते ३० चौरस मीटर लागतात. तेवढ्यात आठ-दहा दुचाकी उभ्या राहतात. आपल्या गावात येणारे कशाने येतात, हे आठवडी बाजाराच्या दिवशी जुन्या कार्यालयासमोर उभे राहून तासाभरात मोजता येते. ते मोजून तिघांनाही सांगा.

ऊन: इथे आराखडा जिंकतो किंवा हरतो

मराठवाडा साधारण १८ ते २० उत्तर अक्षांशांच्या दरम्यान येतो. भर उन्हाळ्यात दुपारी बाराच्या सुमारास सूर्य जवळपास डोक्यावर असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीला लहान छज्जा पुरतो. दीड मीटर उंच खिडकीवर ६० सेंमी छज्जा असेल, तर मार्चच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत भर दुपारी ती सावलीत राहते. हिवाळ्यात थोडे ऊन आत येते. तेव्हा ते हवेच असते.

पश्चिम हे वेगळेच दुखणे आहे. एप्रिलच्या मध्यात, घड्याळात दुपारचे साडेचार वाजलेले असताना, आपल्याकडे सूर्य बरोबर पश्चिमेला आणि क्षितिजापासून ३० अंशांच्या आसपास असतो. तोच ६० सेंमी छज्जा आता खिडकीचा वरचा जेमतेम ३५ सेंमी भाग झाकतो. उरलेला सुमारे १.१५ मीटर थेट उन्हात. छज्जा कितीही वाढवला तरी सूर्य खाली उतरतच जाणार. म्हणून पश्चिमेला उभी जाळी, उभे पडदे, खोल ओसरी, नाही तर मुळात खिडक्याच नकोत. जिने, शौचालये, रेकॉर्ड रूम, नाट्यगृहाची कोरी भिंत त्या बाजूला टाकायची. चांगला आर्किटेक्ट हे न सांगता करतो. नकाशावर उत्तरेचा बाण शोधा आणि पश्चिमेला काय ठेवले आहे ते पाहा. एवढ्यावर निम्मी पारख होते.

‘अ’ची पश्चिमेची काच २०० चौरस मीटर धरू. त्या वेळी भिंतीवर पडणारे ऊन चौरस मीटरला ५०० वॅट धरले आणि रंगीत काचेने निम्मे अडवले, तरी आत ५० किलोवॅट उष्णता येते. एक टन वातानुकूलन म्हणजे साधारण ३.५ किलोवॅट उष्णता बाहेर फेकण्याची ताकद. म्हणजे केवळ त्या काचेपायी १४ टनांची यंत्रणा लागली. ती विकत घ्यायची, चालवायची आणि दहा-बारा वर्षांनी बदलायची. शिवाय त्या काचेवर इथली धूळ बसते. बोअरचे पाणी बहुतेक ठिकाणी जड. त्याने धुतले की पांढरे डाग पडतात आणि ते निघत नाहीत. काच धुणारा माणूस कुठे उभा राहणार, हेही छेदात दिसायला हवे. दिसत नसेल तर ती काच दोन वर्षांत राखाडी होईल.

तिघांकडून पुठ्ठ्याचे मॉडेल मागवले असेल तर एक साधी चाचणी करा. एप्रिल-मे महिन्यात दुपारी साडेचारला तिन्ही मॉडेल गच्चीवर न्या, उत्तर दिशा जुळवून ठेवा. खऱ्या इमारतीवर त्या दिवशी पडणारे ऊन आणि सावली हुबेहूब तशीच मॉडेलवर पडते, कारण सूर्याला माप कळत नाही. चौकात सावली कुठवर येते, रांगेच्या जागी ऊन आहे का, हे नगरसेवकांना पाच मिनिटांत पटते. संगणकावरच्या शंभर स्लाइडनी पटत नाही.

चौकाबद्दल थोडे. वाड्यातला चौक थंड असतो म्हणून कोणताही चौक थंड होतो, असे नाही. चौक रुंद आणि भोवतीची बांधणी बुटकी असेल तर तो नुसता तापलेला फरशीचा तुकडा. दुमजली बांधणीची उंची साडेसात मीटर असेल तर चौकाची रुंदीही त्याच्या जवळपास, फार तर दीडपट असावी. त्यात सावली देणारे झाड हवे आणि भोवती ओसरी हवी. ‘ब’चा चौक २० बाय २० निघाला तर तो लहान करायला सांगा.

काळी माती आणि किल्लारी

काळी माती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते आणि भेगाळते. ही हालचाल ऋतूप्रमाणे वरच्या तीन-साडेतीन मीटरच्या थरात होते. उथळ पायावर हलकी इमारत ठेवली तर कोपऱ्यांतून तिरक्या भेगा जातात, जोत्याची फरशी फुगते, दारे घासू लागतात. म्हणून दोनच सरळ मार्ग: माती खोदून पक्क्या मुरमावर किंवा पाषाणावर पाया नेणे, किंवा खाली फुगीर बोंड असलेले पाइल, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेले खांब, ज्यांचे बोंड खोडाच्या अडीचपट व्यासाचे असते आणि ते हलत्या थराच्या खाली बसते. जोत्याखाली काळी माती काढून मुरूम दाबून भरणे हे वेगळे काम, आणि ते अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत हवे.

याचा आराखड्यांच्या तुलनेशी संबंध असा की ‘ब’ पसरट आहे. त्याचा पाया आणि जोते जास्त लांब, म्हणून काळ्या मातीत त्याचा खर्च ‘क’पेक्षा जास्त वाढतो. पाषाण दीड मीटरवर लागला तर हा फरक जवळपास मिटतो. म्हणून जागेवर किमान चार-पाच बोअर घेऊन माती तपासणीचा अहवाल स्पर्धकांना आधी द्यायचा असतो. बऱ्याच ठिकाणी निवड आधी आणि तपासणी नंतर होते, आणि मग पायाच अंदाजपत्रक खातो. तळघरातल्या पार्किंगबद्दलही हाच अहवाल बोलेल: पाषाण असेल तर ब्रेकरने फोडण्याचा खर्च, काळी माती असेल तर भिंतींवरचा दाब आणि झिरपा. पंप बंद पडला की तळघराचा हौद होतो, आणि दोन पावसाळ्यांनंतर तिथे जुन्या खुर्च्या ठेवल्या जातात.

भूकंपाचा विषय मराठवाड्यात कोणी पुस्तकी समजू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर, किल्लारी परिसर हादरला तेव्हा तो भाग नकाशावर सर्वात कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड माळवद, ही जोडी माणसांवर कोसळली. नंतर भूकंप विभागांचा नकाशा बदलला आणि तो परिसर तिसऱ्या विभागात आला. आयएस १८९३ या भूकंपासाठीच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत इमारतीने किती हादरा सोसायचा ते ठरवणारा गुणांक दुसऱ्या विभागाला ०.१० आणि तिसऱ्या विभागाला ०.१६ असा आहे, आणि मोठ्या सभागृहांसारख्या महत्त्वाच्या सार्वजनिक इमारतींना त्यावर १.५ चा गुणक लावायचा आहे. तिन्ही आर्किटेक्टांना एवढेच विचारा: गुणक १ धरला की १.५? उत्तर येण्याआधी जी शांतता पडते ती ऐका.

नकाशात डोळ्यांनी दिसणारे धोके तीन. तळमजल्यावर नुसते खांब आणि वर भिंती असतील, तर सगळा हेलकावा त्या खांबांवर येतो. वरच्या मजल्याचा खांब खाली तुळईवर टेकवला असेल, म्हणजे जमिनीपर्यंत पोचत नसेल, तर त्या आराखड्याचे गुण कापा. आणि इमारत इंग्रजी एल किंवा यू आकाराची असून मध्ये सांधा सोडला नसेल, तर कोपरा फाटतो. ‘ब’ला हा तिसरा प्रश्न, ‘क’ला पहिला. ‘अ’च्या घुमटाची रचना कोणी तपासली आहे का, हा त्याचा स्वतंत्र प्रश्न.

या शेवटच्या प्रश्नाचे जगप्रसिद्ध उदाहरण सिडनीचे ऑपेरा हाउस. १९५७ मध्ये योर्न उट्झन यांचा आराखडा स्पर्धेत निवडला गेला, तेव्हा ती शिंपल्यांसारखी छपरे बांधायची कशी हे ठरलेले नव्हते. एकाच गोलाचे तुकडे म्हणून ती घडवायची, ही युक्ती काही वर्षांनी सापडली. ७० लाख डॉलरचा अंदाज १०.२ कोटी डॉलरवर गेला आणि इमारत १९७३ मध्ये उघडली. सिडनीला ते परवडले, जगभरातून माणसे बघायला येतात. आपल्या नगरपरिषदेने तो जुगार खेळायचा का, हे घरपट्टी भरणाऱ्यांना विचारून ठरवावे.

पाणी आणि ती हिरवळ

कार्यालयातल्या माणसाला दिवसाला ४५ लिटर पाणी धरतात. १५० कर्मचाऱ्यांचे झाले ६,७५० लिटर. चित्रातली हिरवळ ३,००० चौरस मीटर असेल आणि तिला चौरस मीटरला रोज ५ लिटर दिले, तर १५,००० लिटर. म्हणजे हिरवळ एकटीच सगळ्या कर्मचाऱ्यांच्या दुपटीहून जास्त पिते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला आलेल्या रेल्वेच्या पहिल्या पाणीगाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. ही हिरवळ ते ३३ दिवसांत संपवेल. चित्रात हिरवळ दिसली की तिचे रोजचे लिटर विचारा. उत्तर मिळत नसेल तर तिथे कडुनिंब आणि मुरमाचे अंगण लिहा.

छतावरच्या पावसाचा हिशेब सोपा आहे. वर्षाला ७०० मिमी पाऊस, २,००० चौरस मीटर गच्ची, २० टक्के घट: ११ लाख २० हजार लिटर. आकडा भरघोस दिसतो, पण पाऊस चार महिन्यांत पडतो आणि एवढे साठवायला हौद कोणी बांधत नाही. एक लाख लिटरचा हौद कर्मचाऱ्यांना जेमतेम पंधरा दिवस पुरतो. म्हणून हौद किती लिटरचा आणि उरलेले पाणी गाळून बोअरच्या पुनर्भरणाला कसे जाते, हे दोन्ही नकाशावर दाखवलेले हवे. ‘रेनवॉटर हार्वेस्टिंग करण्यात येईल’ या वाक्याला शून्य गुण.

गळतीची बीजेही याच नकाशात असतात. दर ४० चौरस मीटर गच्चीला १०० मिमीचा एक पाइप, हा ढोबळ नियम. पाइप कमी असले किंवा ते खांबात, भिंतीत दडवले असले, की पानांनी तुंबतात आणि कुठे तुंबले ते कळत नाही. ‘अ’च्या घुमटाची काच जिथे काँक्रीटला भेटते तो सांधा उन्हात ताणतो, रात्री आकसतो, सीलंट काही वर्षांत सुटते. पाऊस थोडा असला तरी तो झोडपून येतो, हे मराठवाड्यात राहणाऱ्याला सांगायला नको.

नाट्यगृह: वेगळी परीक्षा

८०० खुर्च्यांना, मधले रस्ते धरून, सुमारे ६०० चौरस मीटर लागतात. नकाशात ४५० असतील तर गुडघे पुढच्या खुर्चीला लागणार. शेवटची रांग रंगमंचापासून २०-२२ मीटरच्या आत असावी, त्यापुढे नटाचा चेहरा वाचता येत नाही. माणशी ४ ते ५ घनमीटर हवा धरली की सरासरी उंची सहा मीटरच्या आसपास येते. बारा मीटर उंच सभागृह म्हणजे दुप्पट हवा थंड करायची आणि वर घुमणारा आवाज. गोल छत आवाज एका ठिकाणी गोळा करते. विजापूरच्या गोल घुमटात कुजबुज पलीकडे ऐकू येते ती मौज. नाट्यगृहात तोच आजार.

नेपथ्याचा ट्रक रंगमंचाच्या मागे, रंगमंचाच्याच पातळीला लागतो का? नसेल तर सेट प्रेक्षकांच्या दारातून आत येईल, खुर्च्यांना ओरखडे पाडत. कलाकारांची शौचालये रंगपटाला लागून आहेत का? दौऱ्यावरची नाटक मंडळी या दोन गोष्टींवरूनच गाव लक्षात ठेवतात.

आगीच्या बाबतीत तडजोड नाही. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे सपाटीवरच्या दारांना माणशी ६.५ मिमी रुंदी लागते. ८०० माणसांना ५.२ मीटर, म्हणजे दीड मीटरची किमान चार दारे, बाहेर उघडणारी, वेगवेगळ्या बाजूंना. जिन्यांना माणशी १० मिमी. आतल्या कोणत्याही जागेपासून सुटकेच्या दारापर्यंत ३० मीटरपेक्षा जास्त चालावे लागू नये. ‘क’मध्ये नाट्यगृह तिसऱ्या मजल्यावर ठेवले असेल तर ८०० माणसांना ८ मीटर रुंदीचे जिने लागतील. ते काढले की ‘क’चा ७० टक्क्यांचा टेंभा उतरतो. हा बदल करून पुन्हा हिशेब मागा.

गुण देताना

निकषांचे वजन आराखडे उघडण्याआधी, लेखी ठरवायचे. समजा, नागरिकांची सोय ३०, खर्च २५, ऊन-पाणी-वीज २०, रचना आणि जमीन १५, शहराच्या रूपाशी नाते १०. दहापैकी गुण याच क्रमाने: ‘अ’ला ५, ४, ३, ६, ९, ‘ब’ला ८, ७, ८, ७, ७, ‘क’ला ७, ९, ६, ८, ५. वजनाने गुणून शंभरपैकी ‘अ’ ४९, ‘ब’ ७५, ‘क’ ७२.५.

‘ब’ जिंकला? थांबा. खर्चाचे वजन ३५ आणि सोयीचे २० करून बघा. ‘ब’ ७४ वर येतो आणि ‘क’ ७४.५ वर. दोघांची जागा बदलली. याचा अर्थ अडीच गुणांचा फरक हा फरकच नाही. या दोघांना प्रश्नांची यादी देऊन महिनाभराने सुधारित आराखडे घेऊन पुन्हा बोलवायला हवे. ‘अ’ मात्र दोन्ही हिशेबांत मागे आहे. वजनांशी असे खेळून पाहणे निकाल लागण्याआधी करायचे, आणि कोणती दुसरी वजने तपासणार तेही आधी लिहून ठेवायचे. निकालानंतर वजन बदलणे याला वेगळे नाव आहे.

शहराच्या रूपाला दहाच गुण का, असा आक्षेप येईल आणि तो अगदीच चुकीचा नाही. लातूरची गंजगोलाई ही गोल बाजारपेठ सोळा रस्त्यांना एकत्र आणते म्हणून ती शहराची ओळख झाली, दर्शनी भागाच्या नक्षीमुळे नव्हे. रूपाचे गुण देताना तोच प्रश्न विचारा: कार्यालय बंद झाल्यावर संध्याकाळी इथे माणसे बसतील का? ‘ब’च्या चौकाला इथे सात मिळाले ते त्याच्या कमानींसाठी नाहीत.

परीक्षक मंडळात आर्किटेक्ट बहुमतात असावेत, एक स्ट्रक्चरल इंजिनिअर, एक नाट्यक्षेत्रातला माणूस आणि संकुल पुढे चालवणारा नगरपरिषदेचा अभियंता असावा. आराखड्यांवर नाव नको, फक्त संकेतांक. प्रत्येकाने आधी स्वतंत्र गुण द्यायचे, मग चर्चा. नाही तर सर्वात ज्येष्ठ माणसाची मान जिकडे हलते तिकडे बाकीच्यांचे पेन हलतात.

निवड झाली की ‘खर्च थोडा कमी करा’ हा निरोप येतोच. तेव्हा सर्वात आधी ओसरीची रुंदी तीनवरून दीड मीटर होते, मग पश्चिमेच्या जाळ्या जातात, मग हौद, मग नाट्यगृहाचे ध्वनिकाम. प्रवेशद्वाराची कमान आणि ग्रॅनाइट राहते. यावर उपाय म्हणजे ज्या ठरावाने आराखडा मंजूर होतो त्याच ठरावात मापे घालणे: ओसरी ३ मीटर, पश्चिमेच्या सर्व खिडक्यांना उभी जाळी, हौद १ लाख लिटर, नाट्यगृहाची चार दारे, रॅम्प १:१२. यातले काही बदलायचे तर पुन्हा सर्वसाधारण सभेपुढे आले पाहिजे, आणि ठरावाला जोडलेल्या नकाशाच्या प्रत्येक पानावर सही-शिक्का हवा. चित्राच्या पानावर सही नसली तरी चालेल.